मॉड्यूलच्या सीमा मोजण्याआधी त्या आखणाऱ्यांशी बोला

सॉफ्टवेअरच्या रचनेवर संशोधन करणारे प्राध्यापक, त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी आणि त्यांचे पेपर तपासणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आमचा कोड, त्याचा पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या पहिल्या बदलापासूनचा) इतिहास, बगच्या नोंदी, रिव्ह्यूमध्ये (बदल स्वीकारण्याआधीच्या तपासणीत) झालेले वाद, हे सगळं तुम्हाला कुणाची परवानगी न मागता वाचता येतं. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. मी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा खुला कोड, सांभाळते. निरनिराळ्या प्रकारच्या डेटा-फाइली वाचायच्या आणि त्यांतली माहिती एकाच साच्यात द्यायची, एवढंच तिचं काम. शेकडो प्रकल्प एकदम मोजणाऱ्या पेपरांच्या यादीत ती अधूनमधून दिसते. तिच्या नावापुढे कपलिंगचा, म्हणजे कोडचे भाग एकमेकांवर किती अवलंबून आहेत याचा, एक आकडा असतो. तो नीट मोजलेला असतो याबद्दल मला शंका नाही. पण तो वाचून आता वेगळं काय करायचं हे आमच्यापैकी कुणाला कधी कळलेलं नाही, आणि तो छापण्याआधी आमच्यापैकी कुणाला काही विचारलंही गेलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. मॉड्यूलची, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र भागाची, सीमा हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. तो समजून घ्यायचा असेल, तर तो घेतला जात असताना आमच्यासोबत बसा. सगळं होऊन गेल्यावर रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) उतरवून घेऊन, लांबून तपासून, तो निर्णय हाती लागत नाही.

हे तुमच्याच क्षेत्राच्या मुळाशी आहे. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ साली एका छोट्या प्रोग्रामची दोन प्रकारे विभागणी करून दाखवली. ओळी वाचायच्या, त्यांतले शब्द पुढे-मागे फिरवून नव्या ओळी तयार करायच्या, त्या अकारविल्हे लावायच्या आणि छापायच्या, असा तो प्रोग्राम. पहिल्या विभागणीत कामाची प्रत्येक पायरी एक मॉड्यूल झाली. आजही नवशिका माणूस अशीच विभागणी करेल. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एकेक निर्णय दडवला होता: ओळी मेमरीत कशा ठेवायच्या, क्रम आधीच लावायचा की मागेल तेव्हा. दोन्ही विभागण्यांतून चालणारा प्रोग्राम तयार होतो. फरक पडतो तो पुढे एखादा निर्णय बदलावा लागतो तेव्हा. पहिल्या विभागणीत तो बदल जवळपास सगळीकडे पसरतो, दुसरीत एका मॉड्यूलच्या आतच राहतो.

या मांडणीतली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती नंतरच्या मोजमापांतून निसटली. पार्नस यांची कसोटी भविष्याबद्दलची आहे. पुढे काय बदलण्याची शक्यता आहे, याचा अंदाज बांधून सीमा आखायची. आणि हा अंदाज कोडमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. तो आखणाऱ्याच्या डोक्यात असतो, कधी चर्चेतल्या एखाद्या ओळीत असतो, पुष्कळदा कुठेच नोंदलेला नसतो. १९७४ साली स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी कपलिंग आणि कोहिजन (एका मॉड्यूलच्या आतले भाग एकमेकांशी किती जुळलेले आहेत) हे शब्द रूढ केले, १९९४ साली चिदंबर आणि केमेरर यांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (डेटा आणि त्यावरची कामं ‘क्लास’ नावाच्या साच्यांत एकत्र ठेवणाऱ्या) कोडसाठी सहा मापं दिली. ही मापं कामाची आहेत, मीही वापरते. पण या प्रवासात ‘ही सीमा इथेच का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘या सीमेवरून किती बाण (म्हणजे दुवे) जातात’ हा प्रश्न पुढे आला. दुसरा प्रश्न मशीनला विचारता येतो. पहिला माणसालाच विचारावा लागतो, म्हणून तो वेळखाऊ आहे. तो मागे का पडला हे मला समजतं, पण तो मागेच राहावा हे मान्य नाही.

आता काही उदाहरणं. ती तुमच्या परिचयाची असतील, पण मी ती सांभाळणाऱ्याच्या बाजूने सांगणार आहे.

एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड बहुतेक लोक एकाच प्रचंड फाइलीच्या रूपात घेतात. त्या एका फाइलीत दोन लाखांहून जास्त ओळी असतात. एखाद्या टूलने ती फाइल मोजली तर उत्तर येईल की इथे मॉड्युलॅरिटी औषधालाही नाही. प्रत्यक्षात तिचे डेव्हलपर शंभराहून जास्त वेगवेगळ्या फाइलींत काम करतात, आणि प्रकाशित करताना त्या सगळ्या एकत्र जोडून ती फाइल तयार केली जाते. जोडण्यामागे कारणं आहेत: दुसऱ्याच्या प्रकल्पात एक फाइल टाकली की काम झालं, आणि कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) सगळा कोड एकदम दिसला की तो तुकड्यांतल्या कोडपेक्षा जास्त वेगवान प्रोग्राम तयार करतो. म्हणजे विभागणी माणसांसाठी आणि जोडणी मशीनसाठी. एकाच कोडची ही दोन रूपं आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक ठेवलेली आहेत. एसक्यूलाइटच्या बाबतीत हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून निदान शोधणाऱ्याला सापडतं. आमच्यासारख्या शेकडो लहान प्रकल्पांत कुठली फोल्डरं दुसऱ्याच्या लायब्ररीची जशीच्या तशी उचललेली प्रत आहेत, कुठला कोड दुसऱ्या प्रोग्रामने लिहिलेला आहे, कुठला भाग जुन्या वापरकर्त्यांसाठी नुसता जिवंत ठेवलाय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. एका ईमेलने विचारलंत तर आम्ही सांगू. न विचारता मोजलंत तर हे सगळं आकड्यात मिसळून जातं आणि पुन्हा वेगळं काढता येत नाही.

दुसरं उदाहरण २०२४ च्या मार्चमधलं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात मागच्या दाराने घुसवलेला कोड अँड्रेस फ्रॉइंड यांना सापडला. एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) लॉगिन करायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतोय, एवढ्या धाग्यावरून ते तिथपर्यंत पोचले. सुरक्षेच्या अंगाने त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला ती गोष्ट मॉड्यूलच्या सीमांची वाटते. ओपनएसएसएच या एसएसएचची सोय देणाऱ्या प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये त्या कॉम्प्रेशन लायब्ररीचा उल्लेख नव्हता. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम बांधून देणाऱ्या काही वितरकांनी त्यात आपला पॅच (कोडमधल्या बदलाचा तुकडा) लावला होता, कारण एसएसएच सुरू झाल्याची सूचना सिस्टमडीला (इतर सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) जायला हवी होती. त्या पॅचमुळे सिस्टमडीची लायब्ररी जोडली गेली, आणि तिच्यामागोमाग, तिची स्वतःची वेगळी कामं होती म्हणून, कॉम्प्रेशनची लायब्ररी आली. तीन प्रकल्प स्वतंत्रपणे तपासले असते तर प्रत्येकाची रचना आपापल्या जागी ठीक दिसली असती. सीमा मोडली ती तिघांच्या मधल्या जागेत, वितरकाच्या पॅचमध्ये. आणि ती सूचना पाठवायला मुळात एवढी मोठी लायब्ररी लागतही नव्हती. एका सॉकेटवर (दोन प्रोग्रामांमधल्या संवादाच्या वाटेवर) छोटासा संदेश लिहिला की पुरतं. पुढे ओपनएसएसएचने तो संदेश पाठवणारा कोड स्वतःच लिहिला. इकडे सिस्टमडीचे डेव्हलपर कॉम्प्रेशनच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच लोड कराव्यात, या बदलावर हा प्रकार उघड होण्याआधीपासूनच काम करत होते. म्हणजे हे अवलंबित्व जास्त आहे हे जाणणारे लोक होते आणि ते उघडपणे बोलतही होते. तुमच्या अभ्यासात मोजणीचं एकक बहुतेक वेळा एक रिपॉझिटरी असतं. मग हे कुणाला दिसणार? वितरकांचे पॅच सांभाळणाऱ्या मंडळींशी बोलणारे संशोधक मला फार क्वचित दिसतात, आणि सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं तर तिथेच आहे.

जीसीसी या कंपायलरचं उदाहरण आणखी वेगळं आहे. त्यात प्लगिनची (बाहेरून जोडता येणाऱ्या भागांची) सोय २०१० साली, ४.५ या आवृत्तीत आली. ती आधी आणणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं असं मुळीच नाही. कंपायलरचे भाग स्वच्छ वेगळे केले तर कुणीतरी त्याचा पुढचा भाग वापरून मागे आपला बंदिस्त कोड जोडेल, अशी जीसीसी सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांची भीती होती. परवान्यात तशी तजवीज झाल्यावरच प्लगिनचा मार्ग मोकळा झाला. कपलिंगचा आकडा ‘इथे रचना कमकुवत आहे’ एवढंच सांगतो. ती घट्ट वीण जाणूनबुजून ठेवलेली होती, तिच्यामागे स्वातंत्र्याबद्दलची एक भूमिका होती, हे आकडा सांगू शकत नाही. ती भूमिका तुम्हाला पटो अथवा न पटो, ती न कळता त्या रचनेबद्दल काही म्हणणं अपुरं राहतं.

आता जे चांगलं झालंय त्याबद्दल, आणि ते मी मोकळ्या मनाने सांगते.

मॅककॉर्मॅक, रस्नॅक आणि बाल्डविन यांचा २००६ सालचा अभ्यास मला आवडतो. त्यांनी लिनक्स आणि मोझिला हा वेब ब्राउझर यांच्या रचनांची तुलना केली. मोझिलाचा कोड १९९८ मध्ये खुला झाला तेव्हा तो लिनक्सपेक्षा कमी मॉड्युलर होता. नंतर मोझिलाच्या लोकांनी ठरवून फेररचना केली आणि तो लिनक्सपेक्षाही जास्त मॉड्युलर झाला. एका फाइलीतला बदल सरासरी किती फाइलींपर्यंत पोचू शकतो, हे त्यांनी मोजलं. या अभ्यासातला आकडा मला बोलका वाटतो, कारण त्याच्या मध्यभागी एक ज्ञात निर्णय आहे. या दिवसांत, या हेतूने, या लोकांनी रचना बदलायला घेतली, आणि मग आधी काय होतं नि नंतर काय झालं. हेतू माहीत असला की मोजमापाला अर्थ येतो.

आणि कॉक्सिनेल हे टूल. ज्युलिया लॉल आणि त्यांचे सहकारी लिनक्सच्या ड्रायव्हरांचा (एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडचा) अभ्यास करत होते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आत एखादा इंटरफेस (दोन भागांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) बदलला की तो वापरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये त्याच धर्तीचा बदल करावा लागतो. कर्नलमधले आतले इंटरफेस कायमचे स्थिर ठेवायचे नाहीत, हे त्या प्रकल्पाचं उघड धोरण आहे, त्यामुळे हे वारंवार होतं. सीमा हलवण्याची ही खरी किंमत आहे आणि ती हाताने मोजावी लागते: शेकडो फाइली, थोड्याथोड्या फरकाने तेच काम, आणि एक फाइल सुटली की बग. त्यांनी या किंमतीला नाव दिलं, ती तपासली, आणि नंतर ती कमी करणारं टूल बनवलं. ते २००८ साली खुलं झालं. त्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय भाषेचा होता. बदलाचा नियम लिहिण्याची त्यांची पद्धत पॅचसारखीच दिसते: वजाच्या खुणेने जाणारी ओळ, अधिकच्या खुणेने येणारी ओळ. कर्नलवर काम करणारा माणूस दिवसभर पॅचच वाचत असतो, त्याला नवं व्याकरण शिकावं लागलं नाही. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांनीच नोंदवलं की या टूलच्या मदतीने कर्नलमध्ये ६००० हून जास्त कमिट झाले आहेत. आज त्याच्या नियमांच्या फाइली कर्नलच्या कोडसोबतच राहतात.

हे का जमलं याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न डेव्हलपरांच्या कष्टातून उचललेला होता. उत्तर त्यांच्या रोजच्या लिपीत दिलं. आणि पेपर छापून आल्यावर ही मंडळी निघून गेली नाहीत. त्यांनी पॅच पाठवले, रिव्ह्यूत टीका ऐकली, टूल दुरुस्त केलं, पुन्हा पाठवलं. ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तुमच्या व्यवस्थेत तिचे गुण मिळत नाहीत. त्याबद्दल पुढे परीक्षकांशी बोलते.

एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचाही उल्लेख करायला हवा. २००० साली इलिनॉय विद्यापीठात संशोधनाचा प्रकल्प म्हणून तो सुरू झाला आणि कंपायलर म्हणजे वेगवेगळ्या वापरता येणाऱ्या लायब्ररींचा संच, ही कल्पना त्याने प्रत्यक्षात आणली. विद्यापीठाची भिंत आणि आमचं अंगण यांच्यात जाणं-येणं शक्य आहे, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

याउलट जे अजिबात चालणार नाही तेही सांगते. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलकडे मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवून रिव्ह्यूची परीक्षा घेतली. ते २०२१ च्या एप्रिलमध्ये गाजलं. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणं थांबवलं, जुन्या पॅचची फेरतपासणी करण्यात अनेकांचे दिवस गेले, पेपर मागे घेतला गेला, संशोधकांनी जाहीर माफी मागितली. त्या अभ्यासाला विद्यापीठाच्या नीतिमंडळाने मानवी व्यक्तींवरचं संशोधन मानलंच नव्हतं. मला यातली सर्वांत दुखरी बाब हीच वाटते. पॅचच्या पलीकडे माणूस बसलेला असतो हे त्या मंडळाच्या लक्षात आलं नाही. कर्नलच्या कागदपत्रांत आता संशोधकांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे. जे आधीच सार्वजनिक आहे ते वाचून अभ्यास खुशाल करा. डेव्हलपरांच्या वागण्यावर प्रयोग करायचा असेल तर त्यांना सगळं सांगून, त्यांची संमती घेऊन करा, असं ती सांगते. माझा आग्रह आहे की प्रत्येक विद्यापीठाच्या नीतिमंडळाने ती वाचावी.

तेवढं टोकाचं नसलेलं, पण रोजचं दुखणं वेगळं आहे. टूलने सुचवलेल्या रिफॅक्टरिंगच्या (काम तेच ठेवून कोडची रचना बदलण्याच्या) पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशा विनंत्या. ‘हा क्लास फार मोठा आहे, त्याचे पाच तुकडे केले आहेत, सगळ्या टेस्ट पास होतात.’ अशी रिक्वेस्ट आमच्याकडेही आली, आणि आम्ही ती नाकारल्याचं पुढे एका पेपरात ‘डेव्हलपर रचनेच्या सुधारणेला विरोध करतात’ या सदराखाली मोजलं गेलं. नाकारण्याचं कारण आम्ही तिथेच लिहिलं होतं. ते मोजणीत आलं नाही.

ते कारण इथे सविस्तर लिहिते, कारण ते आमच्यापुरतं नाही. एक क्लास फोडला की त्यावरचे इतरांचे प्रलंबित पॅच लागेनासे होतात, आणि बहुधा ते पहिल्यांदाच काही लिहिणाऱ्या नवख्यांचे असतात. जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेची दुरुस्ती मागे नेऊन लावावी लागते. फाइलींची मांडणी बदलली की तीच चार ओळींची दुरुस्ती प्रत्येक जुन्या शाखेसाठी नव्याने लिहावी लागते. एखादी ओळ कुणी, कधी, का लिहिली याचा माग इतिहासातून काढायचा तर मध्ये ही फोडाफोड आडवी येते. आणि तुकड्यांमधल्या नव्या सीमांना नावं मिळाली की कुणीतरी बाहेरून त्यांचा वापर सुरू करतो. मग ज्या सीमेचा आम्ही कधी विचारही केला नव्हता, ती आम्हाला वर्षानुवर्षं पाळावी लागते. लायब्ररीतला सार्वजनिक इंटरफेस हे अनोळखी लोकांना दिलेलं वचन असतं. सीमा वाढवणं म्हणजे वचनं वाढवणं. मोठा क्लास वाचायला त्रासदायक आहे, कबूल. पण तो फोडण्याचा खर्च आणि त्यातून मिळणारं सुख यांचा हिशेब त्या प्रकल्पाची आवृत्ती-परंपरा माहीत असल्याशिवाय मांडता येत नाही. या हिशेबावर कुणी नीट संशोधन केलं, तर मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

मग सोबत काम करायचं म्हणजे काय? याचं एक उत्तर तुमच्याच जुन्या कामात आहे. १९९५ साली गेल मर्फी, डेव्हिड नॉटकिन आणि केविन सलिव्हन यांनी एक साधी पद्धत मांडली. आधी डेव्हलपरकडून त्याच्या मनातला नकाशा घ्या: कुठले मोठे भाग आहेत आणि कुणी कुणाला हाक मारायची. मग कोडमधून निघणारा नकाशा त्याच्याशेजारी ठेवा. कुठे दोन्ही जुळतात, कुठे कोडमध्ये असा दुवा निघतो ज्याची डेव्हलपरला अपेक्षाच नव्हती, आणि कुठे अपेक्षित दुवा कोडमध्ये सापडतच नाही, एवढंच बघा. नकाशा सुधारा, पुन्हा बघा. या पद्धतीत संशोधक आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) दोघांनाही आपलं काहीतरी चुकलेलं सापडतं, आणि संभाषण सुरू होतं. इतकी वर्षं लोटली, तरी बाहेरून माझ्या प्रकल्पाकडे येणारा माणूस मला आधी नकाशा मागत नाही, थेट निकाल सांगतो. तुम्ही हातात कागद घेऊन फक्त ‘तुमच्या मनात हे सगळं कसं मांडलेलं आहे’ एवढं विचारलंत, तर कुठल्याही मेंटेनरकडून तुम्हाला तासभर ऐकायला मिळेल.

आणि आम्हाला खरंच न कळणाऱ्या गोष्टी आहेत. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं की एखादी संघटना जी रचना तयार करते, ती त्या संघटनेतल्या संवादाच्या रचनेसारखीच निघते. आमच्यासारख्या प्रकल्पात संघटना म्हणजे येणारी-जाणारी माणसं. एक मॉड्यूल पुष्कळदा अशा ठिकाणी जन्माला येतं जिथे एका व्यक्तीला स्वतंत्रपणे काम करायचं होतं. ती व्यक्ती निघून गेली की सीमा तशीच उरते, आत कुणी राहत नाही. मग ती सीमा अजून उपयोगी आहे की नुसती अडचण? नव्या माणसाला आत येणं सोपं व्हावं म्हणून आम्ही मॉड्यूल वेगळी करतो. खरंच त्यामुळे माणसं येतात का, की फक्त एका कोपऱ्यात अडकून राहतात आणि गाभ्यापर्यंत पोचतच नाहीत? एक रिपॉझिटरी अनेक तुकड्यांत वाटली की रिव्ह्यू करणारे कमी पडतात का? इतिहासात कायम एकत्र बदलणाऱ्या फाइली शोधण्याचं तंत्र तुमच्याकडे १९९८ पासून आहे. पण दोन फाइली एकत्र बदलतात त्या खऱ्या अवलंबित्वामुळे की त्या एकाच माणसाच्या हातात असल्यामुळे, हे वेगळं कसं करायचं? हे प्रश्न आम्ही आपसात नेहमी बोलतो आणि अंदाजाने निर्णय घेऊन मोकळे होतो. आमच्याकडे ना वेळ आहे, ना अनेक प्रकल्पांची तुलना करण्याची शिस्त. ती शिस्त तुमच्याकडे आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला लिहितेय.

आमच्या बाजूने काय देणं लागतं तेही सांगते. आमच्यातले बरेचजण ‘साफसफाई’ एवढंच लिहून कमिट करतात आणि मग संशोधकांना हेतू कळला नाही म्हणून रागावतात. हे न्याय्य नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या समुदायात मोठ्या बदलाचा प्रस्ताव लिहून ठेवण्याची प्रथा २००० सालापासून आहे, आणि त्यात नाकारलेल्या पर्यायांनाही जागा असते. रस्ट या भाषेच्या समुदायातही अशीच पद्धत आहे. ज्या प्रकल्पांना एवढं जमत नाही त्यांनी निदान सीमा हलवताना चार ओळींत कारण लिहावं: काय बदलेल असं वाटलं, काय टाळायचं होतं, दुसरा कुठला मार्ग सोडून दिला. मेंटेनर मंडळींनो, तुम्ही हे पत्र वाचत असाल तर एवढं आपण करू या. आणि कुणी येऊन, सगळं समजून घेऊन, तुमच्या आवडत्या मॉड्यूलची सीमा चुकीच्या जागी आहे असं दाखवलं, तर ते शांतपणे ऐकून घेऊ या.

परीक्षकांना माझी विनंती थोडी कडक शब्दांत आहे. पीएचडीचा विद्यार्थी आमच्यासोबत सहा महिने बसला, नकाशा घेतला, दोनदा चुकला, टूल आमच्या बिल्डमध्ये (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या प्रक्रियेत) बसवलं, आणि शेवटी निष्पन्न झालं की आमची रचना आहे तीच ठीक आहे, तर तुमच्याकडे त्याचा पेपर टिकतो का? ‘एकच प्रकल्प आहे, निष्कर्ष सर्वत्र लागू होत नाही’ हे वाक्य अशा कामावर सहज लिहिलं जातं. हजार प्रकल्प मोजणाऱ्या कामावर ‘यातल्या एकाही प्रकल्पाला हे दाखवलं का’ हे वाक्य तितक्याच सहजपणे लिहिलं जावं. तुमच्या परिषदांमध्ये २०११ पासून पेपरसोबतचं टूल आणि डेटा तपासण्याची पद्धत सुरू झाली, तिचं स्वागत आहे. पण ती तपासणी पेपर स्वीकारला जाण्याच्या सुमारास होते, आणि आम्हाला टूल लागतं ते त्यानंतर. विद्यार्थ्याला पदवी मिळते, पुढच्या कंपायलरवर टूल चालत नाही, आणि उत्तर द्यायला कुणी उरत नाही. टूल सांभाळणं, पॅच पाठवणं, रिव्ह्यूला उत्तर देणं, हे काम बढतीच्या आणि पदवीच्या हिशेबात धरलं जाईल, तेव्हा विद्यार्थी ते करतील. आज ते करणारे विद्यार्थी स्वतःच्या नुकसानीची पर्वा न करता करतात. अलीकडे काही परिषदा आकडेवारी गोळा होण्याआधीच प्रश्न आणि पद्धत तपासून घेतात. मॉड्युलॅरिटीच्या अभ्यासांसाठी हीच वाट सर्वांत योग्य आहे असं मला वाटतं, कारण त्या टप्प्यावर प्रकल्पातल्या लोकांना सोबत घ्यायला वेळ असतो, आणि उत्तर काहीही आलं तरी ते छापलं जाण्याची खात्री मिळते.

आता आमच्यापुढचा प्रत्यक्ष प्रश्न मांडते, म्हणजे हे पत्र नुसतं बोलणं ठरू नये. आमच्या लायब्ररीत एक गाभा आहे आणि प्रत्येक फाइल-प्रकारासाठी एकेक वाचक-मॉड्यूल. गाभ्यात बफर (वाचलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) सांभाळणं, त्रुटी कळवणं आणि अक्षरसंचांचं रूपांतर, हे तीन भाग आहेत. वाचक-मॉड्यूल वेगळ्या पॅकेजांत काढायची की एकाच रिपॉझिटरीत ठेवायची, यावर आमच्यात दोन तट आहेत. वेगळी काढली तर प्रत्येकाला आपापल्या गतीने आवृत्ती काढता येईल आणि ज्याला एकच प्रकार वाचायचा आहे त्याच्या माथी बाकीचे येणार नाहीत. पण त्रुटी कळवण्याचा इंटरफेस तेव्हा सार्वजनिक करावा लागेल, आणि तो अजून पक्का झालेला नाही असं माझं स्वतःचं मत आहे. पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत हा निर्णय खुला आहे. दोन्ही बाजूंचे नकाशे आम्ही काढून देऊ, जुने वाद कुठे झाले ते दाखवू, कुठले कमिट मोजणीतून वगळावेत ते सांगू, आणि तुमचा निष्कर्ष आमच्या मताविरुद्ध गेला तरी तो प्रकल्पाच्या कागदपत्रांत ठेवू. बदल्यात तीन गोष्टी हव्यात: प्रयोग आम्हाला सांगून करा, पेपरचा मसुदा पाठवण्याआधी आम्हाला वाचायला द्या, आणि टूल बनवलंत तर ते सांभाळायला तुमच्यापैकी कोण राहणार आहे ते सुरुवातीलाच ठरवा.

पहिल्या पत्रात शोधप्रस्तावाचा आराखडा नको. आमच्या रचनेतलं तुम्हाला काय खटकतंय आणि ते तसं का असेल असं तुम्हाला वाटतं, एवढंच लिहा.

आपली,
एका ओपन सोर्स लायब्ररीची मेंटेनर